कुठेही न जाणाऱ्या बाईंचा निरोप समारंभ

कलकत्त्याच्या महाराष्ट्र मंडळात कुणी नवीन बाई आली, की आधी ओळखपाळख व्हायची. मिस्टर कुठे आहेत, बँकेत की सरकारी ऑफिसात, मुलं काय करतात, क्वार्टर मिळालं का. माझी पाळी आली की मी सांगायची, "मी चर्चमध्ये नोकरी करते." मग एखादी धीर करून विचारायची, म्हणजे नर्स का? नाही. शिक्षिका? तेही नाही. मग मी समजावून सांगायची, की चर्चमध्ये येणाऱ्या माणसांना सेवेची कामं शोधून द्यायची, हे माझं काम. आमच्या शेजारच्या नाईकवहिनींनी त्यावर अगदी शांतपणे विचारलं होतं, "आणि ती माणसं कामाला लागली, की मग तुम्ही काय करता?" या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

मी मूळची नगरची. तिथे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, कोण काय करणार हे आपोआप ठरलेलं असायचं. ज्याचा आवाज मोठा तो प्रार्थना करायचा, जिचा हात मोठा ती स्वयंपाकाला. साठच्या दशकात आमच्या ह्यांची बदली कलकत्त्याला झाली, आम्ही बेहाल्याला बिऱ्हाड केलं आणि रविवारी ट्रामने एस्प्लनेडला येऊन जवळच्या एका इंग्रजी चर्चमध्ये जाऊ लागलो. तिथले पाळक रेव्हरंड बिस्वास हे उत्साही गृहस्थ. चर्च एकट्या पाळकाने चालवायचं नसतं, देवाने प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलेलं असतं, कुणाला शिकवण्याचं, कुणाला गाण्याचं, कुणाला आजाऱ्याजवळ गप्प बसण्याचं, आणि ते ओळखून ज्याला त्याला जागेवर बसवायला हवं, असं ते पोटतिडकीने सांगत. एका रविवारी मी उपासना संपल्यावर खुर्च्या नीट लावत होते. तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं की मला व्यवस्थेचं कृपादान आहे. खरं तर माझी ट्राम चुकली होती आणि मला वेळ काढायचा होता. अशी माझी नेमणूक झाली.

माझी सुरुवात फार झोकात झाली. इन्कम टॅक्समधून निवृत्त झालेले एक नंदी म्हणून गृहस्थ होते. त्यांना काहीतरी करायचं होतं, पण काय ते सुचत नव्हतं. मी विचार केला, चारचौघांत वावरलेला माणूस, यांना दारात उभं करावं, येणाऱ्यांचं हसून स्वागत करतील. नंदीबाबू हसायचे, नाही असं नाही. हात हातात घेऊन विचारायचे, "गेल्या रविवारी दिसला नाहीत?" इथवर ठीक होतं. पण मग ते उत्तराची वाट बघत उभे राहायचे आणि हात सोडायचे नाहीत. उत्तर पटलं नाही तर उपप्रश्न यायचे. महिन्याभरात निम्मी मंडळी बाजूच्या व्हरांड्यातून आत यायला लागली. पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. मी नंदीबाबूंना पावसाळ्यात छत्र्या सांभाळायचं काम दिलं. एकही छत्री हरवली नाही, हे खरं. पण स्वतःची छत्री परत मिळवायला ती आपलीच आहे हे त्यांच्यापुढे सिद्ध करावं लागायचं.

माझ्या खात्यावर एक मोठं यशही आहे, ते सांगून टाकते. हालदारबाई म्हणून एक जबरदस्त बाई होत्या. क्वायर, फुलांची सजावट, स्त्रियांची सभा, सगळीकडे भांडून झालेलं. एकाहत्तर साली सीमेपलीकडून माणसांचे लोंढे आले. सॉल्ट लेक तेव्हा नुसता वाळूचा माळ होता, तिथे निर्वासितांच्या छावण्या पडल्या. आमच्या चर्चने मुलांना दूध वाटायचं काम अंगावर घेतलं. मी आधी आमच्या सगळ्यांत प्रेमळ, मृदू बायका तिथे पाठवल्या. गर्दी अंगावर आली, रेटारेटीत दुधाचं पातेलं कलंडलं, बायका रडत परत आल्या. दुसऱ्या खेपेला हालदारबाई गेल्या. एका खोक्यावर उभ्या राहिल्या आणि आपल्या पूर्व बंगालच्या बोलीत त्यांनी सगळ्यांना असं काही झापलं, की रांग सरळ झाली आणि शेवटच्या पोरापर्यंत दूध पोचलं. दुसऱ्या दिवशी छावणीतल्या म्हाताऱ्या विचारत होत्या, आमची ती ओरडणारी दीदी कुठाय. पाळकसाहेबांनी भर सभेत माझ्या पारखी नजरेचं कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मी हालदारबाईंना तिथे पाठवलं होतं, ते त्या रविवारी फुलांवरून पुन्हा रामायण होऊ नये म्हणून.

पण अशा कौतुकाने माणूस चढतो. मीही चढले. आणि त्या चढलेल्या डोक्याने मिस आयव्हींच्या वाटेला गेले.

मिस आयव्ही आमच्या ऑर्गनवादक. अँग्लो-इंडियन, लग्न न केलेल्या, साठी ओलांडलेल्या, रविवारी हॅट आणि एरवी डोक्याला रुमाल. कित्येक वर्षं त्या ऑर्गन वाजवत होत्या. ऑर्गन भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे मंडळीला त्यांची पाठ तेवढी ओळखीची. त्या मला शांता म्हणायच्या, म्हणजे 'शॅन्टा'. इंग्रजीत बोलायच्या, पण त्यांचं ते 'यू' मला नेहमी 'तू'च ऐकू यायचं, आणि त्यात मला काही गैर वाटायचं नाही.

त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. गाण्याच्या प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्या उजवा हात उचलायच्या, अंगठा तळव्यात घेऊन जरा दाबायच्या आणि मग पुढे वाजवायच्या. तेवढा वेळ सगळं चर्च थांबायचं. पहिल्या रविवारी मला हे ठाऊक नव्हतं. मी नगरच्या जोमात गात होते, ऑर्गन थांबला, मंडळी थांबली आणि त्या भल्यामोठ्या चर्चमध्ये चौथी ओळ मी एकटीने खणखणीत सुरू केली. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून हसली. आमच्याकडे नवखा माणूस असाच ओळखू यायचा.

एवढं चालून जात होतं. पण एका लग्नात घोटाळा झाला. नवरी वडिलांचा हात धरून मधल्या वाटेने येत होती आणि अर्ध्या वाटेवर मिस आयव्हींचा हात आखडला. सूर बंद. नवरी पुढे टाकलेलं पाऊल तसंच धरून उभी, वडील उभे, तिकडे नवरा घाम पुसतोय. शेवटी ते दोघं मुकाट्याने, नुसत्या बुटांच्या आवाजात वेदीपर्यंत गेले. वडील मोठ्या कंपनीतले होते, ते पाळकसाहेबांना काय काय बोलले. त्याच सुमारास मि. रॉय म्हणून एक तरुण अधिकारी आमच्या मंडळीत आले होते. रीतसर शिकून परीक्षा दिलेले ऑर्गनवादक, सभ्य, काटेकोर. पाळकसाहेबांनी मला सांगितलं, मिस आयव्हींना मानाने मोकळं करा आणि त्यांना जमेल असं दुसरं काही काम शोधा.

मानाने म्हटल्यावर मराठी माणसाला एकच गोष्ट सुचते. सत्कार! महाराष्ट्र मंडळात मी किती सत्कार पाहिले होते. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, सत्कारमूर्तीचा दाटून आलेला कंठ, मग बटाटेवडा. मी हौसेने कामाला लागले. बेहाल्याहून शाल नेली, नारळ नेला. नारळ पाळकसाहेबांनी बघितला आणि तो चर्चमध्ये कशाला, एवढंच विचारलं. तो परत आणला, आमच्या ह्यांनी त्याची चटणी करवली. मिस आयव्हींना यातलं काही सांगायचं नाही, त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं मी ठरवलं होतं. नवीन कामाचं बोलणं सत्कारानंतर, वातावरण चांगलं असताना करू, हा माझा हिशेब.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. तेव्हा आमच्या चर्चमधली अँग्लो-इंडियन घरं एकेक करून देश सोडत होती. कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी इंग्लंडला. दर थोड्या दिवसांनी एखादं कुटुंब उपासनेनंतर पुढे बोलावलं जायचं, त्यांना काहीतरी भेट द्यायची, पाळक दोन शब्द बोलायचे, मग सगळे उभे राहून निरोपाचं गीत म्हणायचे. इतकी वर्षं त्या जागेवर ज्याच्या हातात काही वस्तू पडली, तो माणूस पुन्हा त्या चर्चमध्ये दिसला नव्हता.

त्या रविवारी मी मिस आयव्हींना पुढे बोलावलं, त्यांच्या सेवेबद्दल मंडळीच्या वतीने आभार मानले आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कंठ दाटून आला म्हणून मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. बायकांनी रुमाल काढले. अरेरे, आयव्हीसुद्धा चालली. आणि कुणीही न सांगता सगळं चर्च उभं राहिलं आणि निरोपाचं गीत सुरू झालं.

मि. रॉय ऑर्गनपाशी होते, पण नवे, त्यांना ते गीत ठाऊक नव्हतं. ऑर्गनशिवाय आवाज इकडेतिकडे जायला लागले. मिस आयव्ही तशाच, खांद्यावर शाल घेऊन ऑर्गनकडे चालत गेल्या, बसल्या आणि त्यांनी स्वतःचा निरोप स्वतः वाजवला. तिसऱ्या ओळीला हात उचलला, अंगठा दाबला, पुढे वाजवलं. सगळी कडवी.

नंतर चहाला लोक त्यांना घेरून उभे. बोट कधीची, सामान बांधून झालं का, पर्थला माझा मावसभाऊ असतो, त्याला नक्की भेट. कुणी पत्ते लिहून दिले. मी गर्दीत शिरून सांगायला गेले, की अहो, तसं नाही, हा फक्त सत्कार आहे. तर एका गृहस्थाने मला विचारलं, जायचं नाही तर मग शाल कशाला? याचं उत्तर मला इंग्रजीत देता येईना, आणि मराठीतही आलं असतं असं वाटत नाही. मिस आयव्ही कुणालाच हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. कप खाली ठेवून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मंडळीला वाटलं, बोट सुटली.

मी त्यांच्या घरी गेले. एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर एक खोली. शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली. मी चर्चला या म्हटलं. त्या म्हणाल्या, "कशी येऊ? मला पोचवलंय तुम्ही लोकांनी. पोचवलेलं माणूस परत आलं तर लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, मी सगळ्यांना नीट समजावून सांगते. आणि मग उत्साहाने माझी पोतडी उघडली. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवा. नाही म्हणाल्या, मुलं मला घाबरतात आणि तेच बरं आहे. चहाचं बघा. त्यांनी सुजलेला हात वर करून दाखवला, यात किटली धरू? फुलं बघा. फुलं हालदार बघते, मला आणखी जगायचंय. मी म्हटलं, मग आजाऱ्यांना भेटायला जा. त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"शांता, तू चर्चसाठी काम शोधत नाहीस. माझ्यासाठी शोधते आहेस. नंदीला छत्र्या दिल्यास, तसं मला काय देऊ म्हणून बघते आहेस. मला कळतं ते."

मग त्या म्हणाल्या, सगळे विचारतात पर्थला कोण आहे, सिडनीला कोण आहे. माझं कुणी नाही कुठे. माझी जी काय माणसं आहेत ती दर रविवारी माझ्या पाठीमागे बसतात. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. जिना उतरताना मला रडू आलं. स्वतःचा इतका राग मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही क्वचितच आला.

इकडे चर्चमध्ये निराळाच तमाशा. मि. रॉय अगदी तालात, अगदी शुद्ध वाजवत. पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी सगळी मंडळी थांबायची. ऑर्गन चौथ्या ओळीत, मंडळी श्वास घेतेय. मग मंडळी धावत ऑर्गनला गाठायची, तोवर कडवं संपलेलं. लोक म्हणाले, हा रॉय फार पळतो. मि. रॉय बिचारे ताल मोजायचं लंबकाचं घड्याळ घेऊन पाळकसाहेबांकडे गेले आणि आपण बरोबर वाजवतो हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. पाळकसाहेबांनाही पटलं. रविवारी तेही तिसऱ्या ओळीला थांबले. शेवटी मि. रॉय म्हणाले, मला मोकळं करा. मग पाळकसाहेब मला म्हणाले, "मिसेस गायकवाड, एका ऑर्गनवादकाला मोकळं करायला सांगितलं होतं. तुम्ही दोन घालवलेत."

मी पुन्हा तो जिना चढले. या वेळी द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी नुसती भांडले. म्हटलं, मिस आयव्ही, तुम्ही गेलात ते गेलात, पण तुमचं ते थांबणं आमच्यात ठेवून गेलात. त्या पोराचं वाजवणं मुश्कील केलंय. दीडशे माणसं एकदम श्वास घेतात, मीसुद्धा घेते. आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

त्यांना ते आधी खरं वाटेना. कोण कोण थांबतं, विचारलं. मी म्हटलं, सगळे, पाळकसाहेबसुद्धा. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "पण ते माझ्या दुखण्यामुळे होतं. तुम्हाला थांबायचं काय कारण?" मी म्हटलं, कारण मला ठाऊक नाही, सवय आहे. मी निघाले तेव्हा येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

रविवारी पहिलं गीत सुरू झालं; दुसरं कुणी मिळेपर्यंत मि. रॉयच वाजवत होते. तिसरी ओळ आली, मंडळी थांबली, ऑर्गन पुढे गेला, नेहमीचा गोंधळ सुरू झाला. तेवढ्यात मागचं दार वाजलं. मिस आयव्ही हॅट घालून मधल्या वाटेने आल्या. गाता गाता माना वळल्या, निम्म्यांचं गाणंच बंद पडलं. त्या इकडेतिकडे न बघता थेट ऑर्गनपाशी गेल्या आणि बाकाच्या कडेला मि. रॉय यांच्या शेजारी बसल्या. आपला सुजलेला हात त्यांनी मि. रॉय यांच्या मनगटावर ठेवला.

दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ संपली. त्यांनी मनगट दाबलं. मि. रॉय थांबले. सगळ्या चर्चने श्वास घेतला. मिस आयव्हींनी हात उचलला आणि चौथी ओळ अशी उठली, की माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या बाकावर नंदीबाबू चष्मा पुसत होते.

उपासना संपल्यावर एकाने विचारलंच, तुम्ही तर ऑस्ट्रेलियाला गेला होतात ना? मिस आयव्ही म्हणाल्या, "बोट चुकली." त्यावर कुणी अधिक काही विचारलं नाही. त्यांना चहा दिला, कप दोन्ही हातांनी धरता येईल असा मोठा बघून दिला.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. लगेच त्यांना गाठलं आणि म्हटलं, हे फार उत्तम काम झालं, आता याला काहीतरी रीतसर नाव देऊ, पुढच्या रविवारी पाळकसाहेब पुढे बोलावून जाहीर करतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"नको, शांता. नाव दिलंस, की एक दिवस ते काढूनही घ्यावं लागेल तुला."

मी तिथे आणखी बरीच वर्षं नोकरी केली. पुष्कळांना कामं दिली, कामांना नावं दिली, त्यातली बरीच चुकली. मिस आयव्ही दर रविवारी त्या बाकाच्या कडेला बसत होत्या. नवीन कुणी आलं, की मला विचारायचं, त्या बाई तिथे काय करतात? मी सांगायची, त्या तिथे बसतात.